टॉर्क बरोबर, सांधा मात्र ढिला

आडव्या शेपटीचं टोक दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली केलं की धडाच्या आतून कुठेतरी 'टक्' असा बारीक आवाज यायचा. प्रत्येक वेळी यायचा असंही नाही. दहादा हलवलं तर सहादा. विमान दोन आसनी, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, नकाशांवरून घरी बांधलेलं. शेपटीच्या मुळावरचं आवरण कायमचं बसवण्याआधी दुसऱ्या कुणाची तरी नजर फिरावी म्हणून मित्राने मला बोलावलं होतं. आवाज त्यालाही ऐकू येत होता, पण पत्रा आहे, थोडं बोलणारच, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

समजूत घालायला कारणही होतं. त्या सांध्यातल्या चारही बोल्टांवर टॉर्कची, म्हणजे नट ठरलेल्या जोराने आवळल्याची, खूण म्हणून लावलेली रंगाची रेघ अखंड होती. टॉर्क पाना नुकताच तपासून आणलेला होता. "माझ्यासमोर लावून बघ," तो म्हणाला. मी पाना ६० इंच-पौंडांवर लावून एकेका नटावर टेकवला. चारही ठिकाणी नट जागचा हलायच्या आत पाना 'क्लिक' म्हणाला. पाना म्हणतो सांधा घट्ट आहे, कान म्हणतात नाही.

सांधा आणि त्यातला बोल्ट

आधी रचना सांगतो, कारण पुढचं सगळं थरांच्या जाडीवर बेतलेलं आहे. धडाच्या बाजूला एक अँगल आहे, जाडी ०.१८८ इंच. मागच्या बाजूने एक ब्रॅकेट येतं, ०.१२५ इंच. या दोघांच्या मधे शेपटीच्या पुढच्या स्पारची, म्हणजे आतल्या मुख्य तुळईची, उभी पट्टी बसते. तिला जोडपत्रा लावलेला असल्यामुळे तिथे ती ०.२५० इंच होते. स्पार आणि अँगल यांच्यातली फट भरायला शिम, म्हणजे मापाच्या जाडीची पट्टी. चार बोल्ट पुढून मागे जातात, डोकी पुढे, नट मागे. शेपटीवरचा उभा भार या बोल्टांना आडवा कापू पाहतो आणि तोही दोन जागी, स्पारच्या पुढे आणि मागे. म्हणजे दुहेरी शिअर.

नकाशात बोल्ट दिला होता एएन४-११ए. ज्यांना ही नावं रोजची नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एएन म्हणजे आर्मी-नेव्ही, अमेरिकी लष्करी मानकांची जुनी मालिका. त्यापुढचा आकडा व्यास सांगतो, एक सोळांश इंचांत. ४ म्हणजे ४/१६, अर्थात पाव इंच, आणि आटे इंचाला २८. डॅशनंतरचा आकडा लांबीचा. त्यातला पहिला अंक पूर्ण इंच आणि दुसरा अष्टमांश, म्हणून ११ म्हणजे एक इंच आणि एक अष्टमांश. याच कारणाने ७ नंतर थेट १० येतो. ८ आणि ९ हे आकडे या मालिकेत नाहीतच, आणि दर नव्या माणसाला ते कुठे गेले असा प्रश्न पडतोच. शेवटच्या 'ए'चा अर्थ दांड्याला कॉटर पिनेचं, म्हणजे नट सुटू नये म्हणून आरपार घालायच्या पिनेचं, भोक नाही. त्या 'ए'कडे पुढे वळायचं आहे, लक्षात असू द्या.

पण नावातून जी गोष्ट कळत नाही तीच इथे महत्त्वाची होती. ती म्हणजे ग्रिप, डोक्याच्या खालपासून आटे सुरू होईपर्यंतचा गुळगुळीत दांडा. एएन४ जातीच्या बोल्टला आट्यांचा भाग १५/३२ इंच असतो, बोल्ट कितीही लांब असो. एएन४-११ए ची प्रत्यक्ष लांबी १ ५/३२ इंच, म्हणून ग्रिप ११/१६, दशांशात ०.६८७५ इंच. एएन४-१०ए ची ग्रिप त्याहून एक अष्टमांश कमी, ०.५६२५. मधलं काही मिळत नाही.

नकाशा काढणाऱ्याने शिम ०.१२५ इंच धरली होती. थरांची बेरीज करा: ०.१८८, ०.१२५, ०.२५०, ०.१२५. एकूण ०.६८८. ग्रिप ०.६८७५. नटाखाली ०.०६३ इंची एक साधा वॉशर. चोख हिशोब. फक्त शिमच्या शेजारी बारीक अक्षरांत एक वाक्य होतं: जागेवर फट पाहून जाडी ठरवावी. मित्राने अगदी तसंच केलं होतं. त्याच्या धडात फट कमी निघाली, म्हणून शिम ०.०६३ इंचाची लागली. काम नीटनेटकं होतं, त्यात खोट नव्हती. फक्त शिम निम्मी झाल्यावर बोल्टाचं काय, हा प्रश्न मनात यायला हवा होता, तो आला नाही.

संशय कोणाकोणावर गेला

माझ्याही मनात तो लगेच आला नाही, हे कबूल करतो. नंतर सगळं उघड दिसतं.

पहिला संशय भोकांवर गेला. एएन४ चा दांडा पाव इंचाहून मुद्दाम किंचित बारीक असतो, ०.२४६ ते ०.२४९ इंच. रीमर (भोक अचूक मापाचं करणारं अवजार) मारून ०.२५० चं भोक केलं तर बोल्ट अंगठ्याने दाबून आत जातो आणि सैल वाटत नाही. नुसत्या पाव इंची ड्रिलने हाताने पाडलेलं भोक मात्र बहुधा मोठं होतं, वर पातळ पत्र्यात पूर्ण गोलही राहत नाही. पण चार बोल्ट एकत्र आवळलेले असताना एखादं भोक मोठं असलं तरी असा आवाज यायला नको, कारण नीट आवळलेल्या सांध्यात पत्रे एकमेकांवर दाबलेले असतात आणि छोटा भार त्या घर्षणावरच निभावतो. दोन बोटांच्या जोराने पत्रे सरकत असतील तर ते दाबलेलेच नाहीत.

दुसरा संशय बोल्टांवरच. नकली बोल्टांची भीती ही काही घरी विमान बांधणाऱ्यांची उगीचची चिंता नव्हे. ८ सप्टेंबर १९८९ रोजी पार्टनेअर या विमानकंपनीचं कॉनव्हेअर ५८० विमान डेन्मार्कच्या उत्तर किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, ५५ जण गेले, आणि चौकशीत उभ्या शेपटीच्या जोडणीतले बोल्ट आणि पिना मानकात न बसणाऱ्या, नकली निघाल्या. इथे मात्र डोक्यांवर स्टीलची फुलीसारखी खूण होती, पुरवठादाराचा प्रमाणपत्राचा कागदही फाइलमध्ये होता. शिवाय कच्चा बोल्ट ताणला जाईल, तुटेल. तो टॉर्क पूर्ण घेऊन सांधा ढिला ठेवणार नाही.

मग मी ज्या गोष्टीकडे आधी बघायला हवं होतं तिकडे बघितलं: नटाबाहेर किती आटे दिसतात. साधारण दोन दिसायला हवे होते. इथे जवळपास चार होते. मित्राला याचंच समाधान होतं, भरपूर आटे बाहेर म्हणजे नट पुरता बसला. एरवी कमी आटे दिसले तर सगळे घाबरतात आणि बरोबरच घाबरतात. नायलॉनचा नट (आतल्या नायलॉनच्या कड्याने आटे पकडणारा) असेल तर किमान एक पूर्ण आटा बाहेर हवाच. जास्त आट्यांना मात्र कुणी घाबरत नाही. तीनपेक्षा जास्त दिसले की आता माझा हात आपोआप फीलर गेजकडे, फट मोजायच्या पातळ पात्यांकडे, जातो. तो धडा याच सांध्याने दिला.

फीलर गेजची ०.००२ इंचाची पाती वॉशरखाली सरकवली. चारपैकी दोन बोल्टांवर ती वॉशरच्या निम्म्यापर्यंत गेली. तिसऱ्यावर वॉशर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ढकलला तर फिरला. साठ इंच-पौंडांखाली दबलेला वॉशर असा फिरत नाही.

नट काढले. बोल्ट उजेडात धरल्यावर उत्तर दांड्यावरच लिहिलेलं दिसलं: आटे जिथे उथळ होत दांड्यात मिसळतात तिथे चकचकीत कडं उमटलं होतं. नट तिथे जाऊन अडकला होता.

पान्याने काय मोजलं

ग्रिपच्या टोकाला आटे एकदम पूर्ण खोलीने सुरू होत नाहीत. तिथे एक-दोन आट्यांची अर्धवट पट्टी असते. नट त्या पट्टीवर चढू लागला की पाचर ठोकल्यासारखा रुततो. त्याला फिरवायला जोर लागतो, आणि टॉर्क पान्याला तो जोर कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं. पत्रे दाबले जात असोत की आटे चिरडले जात असोत, ६० झाले की त्याने 'क्लिक' म्हणायचं. नीट बसलेल्या बोल्टातसुद्धा पान्याने लावलेल्या जोराचा ढोबळमानाने नव्वद टक्के भाग घर्षणात जातो आणि दहा टक्क्यांच्या आसपास खरा ताण होतो. म्हणजे घट्टपणाचा अंदाज आपण नेहमीच आडवाटेने घेतो. इथे ती आडवाटही चुकली होती.

आता हिशोब लावू. शिम ०.०६३ झाल्यावर थर झाले ०.६२६ इंच. त्यावर एक वॉशर ०.०६३, बेरीज ०.६८९. ग्रिप ०.६८७५. कागदावर नट वॉशरला नेमका टेकतो. टेकतो, पण टेकतो त्याच क्षणी तो अर्धवट आट्यांवर आलेला असतो. याहून फट मोठी असती तर वॉशर खुळखुळला असता आणि मित्राला पहिल्याच दिवशी कळलं असतं. चूक जेमतेम दीड मिलिमीटरची होती, म्हणून ती लपली.

बोल्ट लहान करायचा की वॉशर वाढवायचा

मित्राची पहिली सूचना एक नंबर खालचा, एएन४-१०ए, लावायची. ऐकायला सरळ वाटते. पण १०ए ची ग्रिप ०.५६२५ आणि थर ०.६२६. उरलेले ०.०६३ इंच ब्रॅकेटच्या आत आटे येणार, आणि ब्रॅकेटच ०.१२५ जाड. म्हणजे त्याची अर्धी जाडी गुळगुळीत दांड्यावर, अर्धी आट्यांच्या धारांवर टेकणार. आटे म्हणजे कानशीच. अॅल्युमिनियमच्या भोकात ते प्रत्येक हादऱ्याबरोबर घासत राहतात, भोक मोठं करतात, आणि मग खरोखरच्या ढिलेपणाला सुरुवात होते. अमेरिकी हवाई प्रशासनाच्या दुरुस्तीविषयक एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेतही हेच सांगितलं आहे: ग्रिप पत्र्यांच्या जाडीइतकी असावी, किंचित जास्त झाली तर वॉशरने भरून काढावी. घरी बांधलेल्या विमानाला ती मार्गदर्शिका बंधनकारक नसते. मी ती बंधनकारक असल्यासारखीच वापरतो.

थोडक्यात, १०ए आखूड आणि ११ए एका वॉशरवर लांब. थर दोन मापांच्या अगदी मधे पडले होते. एक अष्टमांशाच्या पायऱ्या असल्यामुळे हे कधी ना कधी प्रत्येकाच्या वाट्याला येतं आणि त्यासाठीच वॉशर दोन जाडींत मिळतात. पाव इंची बोल्टाचा एएन९६०-४१६ हा ०.०६३ इंचाचा आणि मागे 'एल' लावलेला त्याच्या निम्म्या जाडीचा, ०.०३२. एनएएस या नव्या मानकांच्या मालिकेत त्यांना एनएएस११४९ म्हणतात, काम तेच. विमान बांधणाऱ्याच्या कपाटात बोल्टांपेक्षा या दोन वॉशरांचे डबे आधी भरलेले असावेत असं माझं मत आहे. लोक उलटं करतात.

उपाय ठरला तो असा: तोच ११ए, पण नटाखाली दोन जाड वॉशर. बेरीज ०.७५२. दांडा ब्रॅकेट ओलांडून पहिल्या वॉशरच्या आत संपतो, अर्धवट आटे दुसऱ्या वॉशरच्या पोटात राहतात, नटाच्या वाट्याला पूर्ण आटे येतात. बोल्टाची एकूण लांबी १.१५६, त्यातून ०.७५२ वजा केले की नटासाठी ०.४ इंच उरतं. नटाची उंची वजा जाता दोनेक आटे बाहेर. एक वॉशर डोक्याखाली घातला असता तरी नटाच्या बाजूचं गणित तेच राहिलं असतं, पण मग दांडा ब्रॅकेटच्या कडेशी अगदी बरोबरीने संपला असता आणि मापातल्या थोड्याशा फरकाने आटे आत आले असते. म्हणून दोन्ही मागे.

हे ठरवण्याआधी थर मोजले. नकाशावरच्या जाड्यांची बेरीज नव्हे, प्रत्येक भोकात व्हर्नियरची खोली मोजायची पट्टी घालून. चार ठिकाणी ०.६२४ ते ०.६३१ इंच आले. प्रायमरचे थर, कडेला राहिलेला एखादा बारीक कंगोरा, यांनी इतका फरक पडतोच.

पेटीतला 'जास्त ताकदीचा' बोल्ट

वॉशर येईपर्यंत थांबायचं मित्राच्या जिवावर आलं होतं. त्याच्या पेटीत पाव इंची, २८ आट्यांचे, सव्वा इंच लांबीचे ग्रेड ८ चे बोल्ट होते, डोक्यावर सहा रेघांचे. त्याचा युक्तिवाद सगळेच करतात: एएन बोल्टाची तन्यता (ताण सोसायची ताकद) १,२५,००० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला पौंड, ग्रेड ८ ची १,५०,०००. मग जास्त ताकदीचा का नको?

हे आकडे खरे आहेत, आणि ताकद मोजायची तर पूर्ण मोजू. ग्रेड ८ च्या सहा इंचांपर्यंतच्या बोल्टाला आट्यांची लांबी असते व्यासाच्या दुप्पट अधिक पाव इंच. पाव इंची बोल्टाला पाऊण इंच. सव्वा इंचातून पाऊण गेला की गुळगुळीत दांडा उरला अर्धा इंच. आपल्या सांध्यात डोक्यापासून मोजत गेलं तर अँगल, शिम आणि स्पार मिळून ०.५०१ इंच होतात आणि तिथेच दुसरं शिअरचं प्रतल आहे. म्हणजे भार जिथे बोल्टाला कापू पाहतो, नेमके तिथे आटे.

पाव इंची दांड्याचं छेदक्षेत्र ०.०४९१ चौरस इंच. आट्यांच्या मुळाशी ते ०.०३२६ च्या आसपास उरतं, म्हणजे एक तृतीयांश गेलं. एएन४ चा एका प्रतलातला शिअर ३,६८२ पौंड, ७५,००० पीएसआयने पूर्ण दांड्यावर. ग्रेड ८ ला तन्यतेच्या साठ टक्के, म्हणजे ९०,००० पीएसआय शिअर धरला तरी आट्यांवर येतात सुमारे २,९०० पौंड. 'जास्त ताकदीचा' बोल्ट त्या जागी पाचव्या हिश्शाहून अधिक कमजोर ठरला. वर ब्रॅकेटची पूर्ण जाडी आट्यांवर टेकणार ती वेगळीच.

ग्रेड ८ वाईट आहे असं मी म्हणत नाही. ट्रकच्या चासीत तो उत्तम. दांड्याच्या व्यासाबाबतही लोक सांगतात तितका तो गबाळा नसतो. त्याची घडण मात्र आवळून ताणावर धरायच्या कामासाठी आहे, म्हणून आटे लांब. एएन बोल्ट शिअर घेण्यासाठी बनतो, म्हणून आटे आखूड. मित्राने बोल्ट परत पेटीत टाकले. जाता जाता एम६ चीही गोष्ट निघाली. तो सहा मिलिमीटरचा, भोक ६.३५ चं. त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

चौथं भोक

बोल्ट काढलेच होते म्हणून चारही भोकं मोजली. तीन ०.२५० ते ०.२५१. डावीकडचं खालचं ०.२५५ इंच. तिथे सरळ ड्रिल पोचत नव्हतं, काटकोनी ड्रिलने हात वाकडा करून पाडलेलं. दांडा ०.२४८ चा, म्हणजे सात हजारांश इंच मोकळीक. आवाजाचं कारण हे नव्हतं, पण तसंच सोडायची माझी तयारी नव्हती. चार बोल्टांपैकी एकाच्या भोकात मोकळीक असली की मोठा भार आल्यावर आधी बाकीचे तिघे तो उचलतात आणि चौथा पत्रा सरकेपर्यंत बघत बसतो.

सरळ उपाय म्हणजे एक माप वर, एएन५, पाच सोळांश इंच. पण भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान व्यासाच्या दुप्पट अंतर हवं. एएन४ ला अर्धा इंच पुरतो, एएन५ ला ०.६२५ लागतं. ब्रॅकेटवर होतं ०.५५. एएन५ बाद. मधला मार्ग असतो: एनएएस मालिकेतल्या काटेकोर मापाच्या बोल्टांमध्ये दांडा १/६४ इंच जाड आणि आटे मात्र पाव इंचीच, असे बोल्ट मिळतात, नेमके अशा दुरुस्त्यांसाठी. भोक रीमरने तेवढंच मोठं करायचं, नट-वॉशर तेच राहतात. या बोल्टांच्या ग्रिपचे आकडे वेगळ्या पद्धतीने, सोळांशांत, लिहिलेले असतात. एएनची सवय झालेल्या माणसाने तिथे डॅशनंतरचा आकडा जुन्या पद्धतीने वाचला की नवा घोटाळा. रीमरला हात लावण्याआधी मित्राने विमानाच्या रचनाकाराला मापांसह लिहून विचारलं. होकार आल्यावरच भोकाला धार लागली.

नमुना कुठून आला

एक प्रश्न मला सतावत होता. शिम बदलताना बोल्टही पुन्हा मोजायचा हे इतक्या काळजीच्या माणसाच्या ध्यानात कसं आलं नाही? विचारल्यावर कळलं की त्याच्या मनात शंका आली होती. म्हणून तो त्याच रचनेचं विमान आधी बांधलेल्या दुसऱ्या एका ओळखीच्याकडे गेला, तिथे तो सांधा पाहिला, ११ए आणि एक वॉशर, आणि निश्चिंत होऊन परतला.

यावर मी त्याला ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या उड्डाणाची हकीकत सांगितली. १० जून १९९०. बीएसी वन-इलेव्हन बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं होतं. १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडाली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवलं, कॅप्टनसह सगळे वाचले. ती काच उड्डाणाआधी सव्वीस-सत्तावीस तासांपूर्वी बदललेली होती. नव्या ९० बोल्टांपैकी ८४ व्यासाने ०.०२६ इंच बारीक होते, उरलेले सहा व्यासाने बरोबर पण ०.१ इंच आखूड. बदलणाऱ्याने जुना बोल्ट हातात धरून नजरेने जुळता शोधला होता. आणि जुने बोल्टसुद्धा मुळात चुकीच्याच नंबरचे होते, तरी त्यांच्यावर काच टिकून होती. बरोबर नंबर पुस्तकात छापलेला होता.

मित्राने नमुना पाहिला आणि नंबरही पाहिला, तेवढ्यापुरता तो काच बदलणाऱ्यापेक्षा सावध. पण ओळखीच्याच्या विमानात शिम किती आहे, हे त्याने विचारलं नव्हतं.

एक अक्षर

मग दोन दिवस घालवून सगळेच बोल्ट बघितले. बहुतेक ठीक होते. एक मात्र सांगायलाच हवा, कारण त्यात ग्रिप, टॉर्क, आटे सगळं बरोबर असूनही बोल्ट चुकीचा होता.

एलिव्हेटर म्हणजे आडव्या शेपटीचा हलता भाग, आणि बेलक्रॅंक म्हणजे त्याच्याकडे जाणाऱ्या दांड्यांची हालचाल वळवणारी तरफ. तिचा मधला बोल्ट, ज्याभोवती बेलक्रॅंक फिरतो. लावलेला एएन३-१४ए, त्यावर नायलॉनचा नट. ही जागा फिरणारी आहे. बेलक्रॅंक बुशवर (बोल्टाभोवतीच्या नळीवर) फिरतो आणि बोल्ट स्थिर राहतो अशी अपेक्षा असते, पण बुशमध्ये धूळ बसली, ग्रीस सुकलं, की बेलक्रॅंक बोल्टाला सोबत फिरवू लागतो. नायलॉनच्या नटाची सगळी पकड घर्षणाची. प्रत्येक फेरीला तो केसभर मागे सरकू शकतो. म्हणून बोल्टाला फिरण्याचा संभव असलेल्या सांध्यात कॅसल नट (माथ्यावर खाचा असलेला) आणि कॉटर पिन हवी. त्यासाठी दांड्याला भोक हवं, म्हणजे एएन३-१४, शेवटी 'ए' नसलेला. नकाशात तसंच होतं. मागणी करताना सगळ्या ओळींना 'ए' होता, तिथे हाताच्या सवयीने आणखी एक लागला.

कॅसल नट बसवताना भोक आणि खाच जुळत नाही तेव्हा लोक नट थोडा मागे घेतात. मागे घ्यायचा नाही. ठरलेल्या मर्यादेत पुढे जुळला तर ठीक, नाहीतर वॉशर बदलून, जाडाऐवजी पातळ घालून, जुळवायचा. पुन्हा तोच वॉशरचा डबा.

इंजिनाच्या बाजूला दोन नायलॉनचे नट सापडले ते निमूटपणे बदलले. २५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १२१ सेल्सिअस, ही त्यांची मर्यादा. एक्झॉस्टच्या शेजारी पूर्ण धातूचे एएन३६३.

पुन्हा बसवताना

शेपटीच्या सांध्यात सगळे नट नवे घेतले. नायलॉनचा नट पुन्हा वापरता येतो, पण पाव इंचीला निदान साडेतीन इंच-पौंडांचा स्वतःचा अडकाव उरलेला असेल तरच, आणि बोटांनी फिरला तर नक्की नाही. इथल्या नटांचे आटे अर्धवट पट्टीवर चढलेले असल्यामुळे प्रश्नच नव्हता. बोल्टही बदलले. जुने करवतीने मधोमध कापले, म्हणजे चुकून पेटीत परत जायला नकोत.

आवळताना आधी नट वॉशरला टेकण्यापूर्वी फिरवून त्याचा अडकाव मोजला, ८ इंच-पौंड. एएन४ वर अशा नटाला ५० ते ७० इंच-पौंड, कोरडे आटे. आम्ही ६० धरले, त्यात ८ मिळवून पाना ६८ वर लावला. चौथ्या बोल्टाचा अडकाव वेगळा आला तो वेगळा मिळवला. आवळलं ते नटाकडून, डोकं धरून ठेवून. दर बोल्टाला रंगाची रेघ काढण्याआधी फीलर गेजची तीच पाती फिरवली. कुठेही शिरली नाही. बाहेर दोन आटे, एका ठिकाणी अडीच.

शेपटीचं टोक धरून हलवलं. मित्राने पंचवीसेक वेळा हलवलं असेल. आवाज नाही.

बांधकामाच्या वहीत त्याने सांध्याची नोंद अशी केली: तीन भोकांत एएन४-११ए, चौथ्यात जाड दांड्याचा, मोजलेले थर चार आकड्यांत, शिम ०.०६३, वॉशर किती आणि कुठे, अडकाव किती, अंतिम टॉर्क किती. नकाशावर '११ए'च्या पुढे लाल पेनाने शिमची जाडी लिहिली.

संध्याकाळी त्याने त्या ओळखीच्याला फोन करून सगळं सांगितलं आणि आपला सांधाही एकदा बघून घे म्हणाला. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्याने वॉशरखाली पाती घालून पाहिली, आटे मोजले, शिमही मोजली. ती ०.१२५ निघाली. त्याचा बोल्ट बरोबर होता.